काकूंसाठीचं पुस्तक

नाग बारा वर्षं डूख धरतो म्हणतात. थोरलीनं त्याच्या तिप्पट धरला होता, आणि तेवढा सगळा काळ ती काकूंशी फोनवर गोड बोलत आली होती. काकू, गुडघे कसे आहेत, काकू, गोळ्या वेळेवर घेता ना, असं सगळं विचारायचं, फोन ठेवायचा आणि मग कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करायचं. एकटीच राहायची, त्यामुळे ते तोंड कधी कुणाच्या नजरेला पडलं नाही.

थोरली म्हणजे एकत्र कुटुंबातलं पहिलं मूल. तिची नजर जन्मापासून अधू होती. तिच्या आजोबांची तशीच होती, वडिलांच्या एका आत्याचीही. काकू हे येता-जाता ऐकवायच्या. आमच्या माहेरी असलं काही नाही हो, हे ह्यांच्या घराण्याचं देणं, असं म्हणायच्या; जसं काही माहेरच्या माणसांना चांगल्या डोळ्यांबद्दल बक्षिसं मिळाली होती. थोरलीला लांबचं काही दिसत नसे. पण कागद नाकाला टेकवला की दिसायचं, आणि चांगलं दिसायचं. लाल ते लाल, पिवळं ते पिवळं. हे किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. फार टिकणार नाही, हे त्यांनी न सांगताच आईला कळलं होतं.

काकांची नोकरी फिरतीची. जातील तिथून ते चित्रांची पुस्तकं आणायचे, जाड पुठ्ठ्यांची, गुळगुळीत पानांची. बिचारे आणायचे घरातल्या एकुलत्या एका मुलीसाठी. काकू ती हातातून काढून घ्यायच्या, फडक्यानं पुसायच्या आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावायच्या. पुस्तकं त्यांच्या होणाऱ्या मुलासाठी होती. मुलाचा तेव्हा पत्ताही नव्हता; बाजारात तुरी म्हणतात त्या ह्या. थोरलीच्या आईनं एकदा धीर करून दुपारपुरतं एक पुस्तक मागितलं. काकू म्हणाल्या, राजा जन्माला आला की त्याच्याबरोबर बघेल ती. आणि ती वाचते कुठे, चाटते पुस्तकं. पानांवर ओले डाग पडतात. शिवाय डोळ्यांना ताण नको म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय. डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा थोरली काय करायची, तर कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहायची. पलीकडे रंगांचे नुसते पट्टे. उघडलेलं पान एकही नाही. मग काकू येऊन काचेवरचा तिच्या श्वासाचा डाग पुसायच्या, तिच्यादेखत. अशी काही वर्षं गेली आणि एके दिवशी नाकाला टेकवलेला कागदही धुक्यात गेला. त्यानंतर राजा जन्माला आला. कपाट उघडलं. राजानं वर्षभरात सगळी पुस्तकं चावली, फाडली, पानांची होडकी झाली. काकू कौतुकानं म्हणायच्या, बघा कसा टराटरा फाडतो, हातात काय जोर आहे. थोरली ते फाडणं पलीकडच्या खोलीत बसून ऐकत होती. डूख धरला तो तिथे.

मोठेपणी अशा मुलीनं काय करावं? न दिसणाऱ्या आणि कमी दिसणाऱ्या मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करावीत, दुसरं काय. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर तिनं कारखाना थाटला. लांबलचक टेबल, भिंतभर खण, खणांत मखमल, सँडपेपर, टॉवेलचे तुकडे, मेण लावलेली दोरी, आणि सगळीकडे डिंकाचा वास. ब्रेलचे ठिपके उठवणारे दोघे भाऊ एका कोपऱ्यात बसत. त्यांनाही दिसत नव्हतं. दिसणारी एकटीच, चित्रं काढणारी आणि कापणारी बाई. तिची कात्री आणि जीभ सारख्याच चालायच्या, म्हणून सगळे तिला कात्रीबाई म्हणत.

बोटांना कळेल असं चित्र करणं म्हणजे डोळसांना वाटतं तसा पोरखेळ नव्हे. डोळसांच्या पुस्तकातल्या गाईचे दोन पाय दुसऱ्या दोन पायांमागे लपलेले असतात आणि शिंगांवर एखादा ढग येऊन बसलेला असतो. बोटांना ती गाय दोन पायांची आणि डोक्यावर गाठोडं घेतलेली वाटते. म्हणून इथे गाय चारही पायांवर मोकळी उभी करायची आणि आजूबाजूचा पसारा काढून टाकायचा. अंधुक दिसणाऱ्यांसाठी त्याच पानाला पिवळी जमीन, चित्राभोवती जाड काळी रेघ आणि बोटभर उंच अक्षरं. डोळ्यांनी वाचणारं आणि बोटांनी वाचणारं, अशी दोन मुलं एकाच पुस्तकावर शेजारी बसू शकली पाहिजेत, असा थोरलीचा हट्ट होता.

आणि एक दंडक होता, मुक्या परीक्षेचा. पुस्तक बाहेर जाण्याआधी ते कधीही न पाहिलेल्या मुलाला टेबलाशी बसवायचं आणि बाकीच्यांनी तोंडं बंद ठेवायची. खोकायचंसुद्धा नाही. मुलानं ससा म्हटलं तर ससा पास. मुलानं सशाला चहाची किटली म्हटलं, तर दोष मुलाचा नाही, सशाचा. पान फाडून पुन्हा करायचं. हा दंडक थोरलीनंच घातला होता आणि त्यावरून तिनं भल्याभल्यांना रडवलं होतं. मुकी परीक्षा झाली नाही असं थोरली म्हणाली की पुस्तक जागचं हलत नसे.

एके दिवशी राजा आला. राजा आता पोट सुटलेला, एका कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसणारा गृहस्थ होता. माडीच्या बोळात त्यानं नेहमीप्रमाणे डोकं आपटलं आणि दिव्याबद्दल कुरकुर केली. बोळातला दिवा कधीचाच गेला होता. तिघांना त्याची गरज नव्हती आणि कात्रीबाईला सवय झाली होती. राजा बसला, पाणी प्याला आणि एकदम रडवेला झाला. आईच्या नजरेचा मधला भाग गेला म्हणाला. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, नुसते कान दिसतात. वस्तू बाजूला धरली, मोठी आणि ठळक असली, तर कडेकडेनं दिसतं. तेही थंडी सरेपर्यंत टिकलं तर टिकलं, असं डॉक्टर म्हणतात. राजा आणि त्याची बायको दिवसभर कामावर, घरात आई आणि चार वर्षांची ठमी. आईची एकच इच्छा उरली आहे. स्वतःच्या डोळ्यांनी एक पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ठमीला वाचून दाखवायचं.

"तेवढं एक करशील का, ताई?" राजा म्हणाला. "आईला स्वतःला मागायला लाज वाटते."

थोरलीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोटातून झाला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, काकू एके दिवशी मरतील आणि आपला हिशेब तसाच राहील. आणि इथे राजा स्वतःच्या पायांनी येऊन सुरी मुठीकडून तिच्या हातात देत होता, वर ती कधीपर्यंत चालवायची हेही सांगत होता. ती म्हणाली, करते की, काकूंसाठी नाही करणार तर कुणासाठी? राजा तिचे हात धरून गहिवरला.

नाही म्हणणं सोपं होतं, पण ते फार स्वस्तात गेलं असतं. नाही म्हणणाऱ्याला लोक दुष्ट म्हणतात आणि दुसऱ्या दारी जातात. थोरलीनं ठरवलं ते असं, की पुस्तक करायचं. आजवर केलं नाही इतकं सुरेख करायचं. आणि मग काकूंच्या नजरेच्या त्या कडा विझेपर्यंत ते फळीवर ठेवायचं. जशास तसं, रेसभरही कमी नाही आणि जास्त नाही.

कात्रीबाईला तिनं गोष्ट सांगितली. एका कोल्ह्याची शेपटी हरवते. तो घरोघर जाऊन विचारतो, ही शेपटी माझी का? खारीची झुबकेदार, उंदराची दोरीसारखी, गाईची टोकाला गोंडा असलेली, पालीची खरखरीत, तुटली तरी वळवळणारी. शेवटी त्याची शेपटी त्याच्याच बुडाखाली सापडते, कारण तो गोष्ट सुरू झाल्यापासून तिच्यावर बसलेला असतो. कात्रीबाई हसून हसून बेजार झाली आणि कामाला लागली. एरवी थोरली एकेका पानावर आठवडा घालवायची. हे पुस्तक झपाट्यानं झालं. रागानं कामाला गती येते हे तिला नव्यानं कळलं. हवेत पहिला गारवा आला तेव्हा पुस्तक शिवून, कोपरे गोल करून तयार होतं. थोरलीनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटांनी वाचलं. तिच्या हातून इतकं चांगलं काही झालं नव्हतं, आणि त्याचं तिला जरा दुःखही झालं.

मग तिनं मुकी परीक्षा लावली. मुलं आली, बसली, धडाधड पास झाली. थोरलीनं मुलांना खाऊ देऊन घरी पाठवलं आणि पाल नापास झाली म्हणून जाहीर केलं.

कात्रीबाईनं पाल पुन्हा केली. ती पुन्हा नापास झाली. मग उंदीर नापास झाला, मग गाईचा गोंडा. राजाचा फोन आला की थोरली म्हणायची, अरे एवढ्यातेवढ्यासाठी अडलंय, पण काकूंच्या हातात कच्चं पुस्तक कसं देऊ? राजा म्हणायचा, तूच खरी ग बाई आमची. त्यालाही आणखी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तो घरचंही सांगत बसायचा. ठमीला पुस्तकांचं वावडं आहे. आणलेल्या पुस्तकांना हात लावत नाही, पुढं केलं तर ढकलून देते. धांदरटही आहे, दिवे लागायच्या वेळी सारखी कुठेतरी आपटते. आई म्हणते, मला दिसत असतं तर मी लावली असती गोडी. थोरली हे ऐकून मनात म्हणायची, हो तर, गोडी लावण्यात काकूंचा हात कोण धरणार.

एकदा काकूंचाच फोन आला. आवाज पार खाली गेला होता. सवडीनं कर ग, तुझी कामं असतील, असं आधी म्हणाल्या. मग काकू म्हणाल्या, आता कडाही धुरकट व्हायला लागल्या आहेत, थोडी घाई करता आली तर बघशील का? थोरली कितीतरी वर्षं ह्या एका वाक्याची वाट बघत होती.

"काकू, घाईत नाही देता येत हो पुस्तक," ती मधासारखं बोलली. "चुकीचं चित्र गेलं, तर पोराच्या मनात जन्मभर चुकीची पाल राहते."

बरं, एवढंच म्हणून काकूंनी फोन ठेवला. त्या दिवशी थोरली दोन घास जास्त जेवली.

कात्रीबाई काही खुळी नव्हती. दोघे भाऊ घरी गेल्यावर तिनं कात्री टेबलावर ठेवली.

"पाल पास झाली होती," ती म्हणाली.

"नाही झाली."

"तीन पोरांनी हात लावल्या लावल्या पाल म्हटलं. एक तर किंचाळून टेबलाखाली गेलं. अजून किती पास व्हायचं तिनं?"

तेव्हा थोरलीनं तिला कपाटाचं सगळं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना तिचा आवाज चढला, आणि तिला वाटलं होतं की ऐकणारी म्हणेल, कर ग बाई, तुझंच बरोबर. कात्रीबाई म्हणाली, तुझी काकू, तुझा सूड, मी कोण बोलणार? पण परीक्षा खोटी करू नकोस. पुस्तक ठेवायचं तर सरळ ठेव, माझ्या पालीच्या नावावर ठेवू नकोस. थोरली म्हणाली, ज्याचं जळतं त्याला कळतं. कात्रीबाईनं स्टूल सरकवलं, पुस्तक एका पिशवीत घातलं आणि आदळआपट करत अगदी वरच्या फळीवर टाकलं. त्यानंतर दोघी पुष्कळ दिवस कामापुरतंच बोलल्या.

थंडी पडली, वाढली आणि सरली. थोरली रोज त्या फळीखालून जायची आणि वर पुस्तक आहे ह्याचं तिला सुख वाटायचं. कुलूप लावून झोपणाऱ्याला जसं वाटत असेल तसं. कधी कधी तिला जाणवायचं की काकूंनाही असंच वाटलं असेल. मग ती तो विचार झटकून टाकायची, कारण काकूंशी आपलं काही जुळावं हे तिला नको होतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा राजाचा फोन आला. आईला आता काहीच दिसत नाही म्हणाला. पण पुस्तक झालं असेल तर दे, ती निदान हातात तरी धरेल. थोरली म्हणाली, झालंच आहे, इकडेच या, काकूंना आणि ठमीलाही घेऊन या. काकूंच्या हातात पुस्तक पडेल तेव्हा तिला तिथे असायचं होतं. चेहरा दिसणार नव्हता, पण चेहऱ्याशिवायही माणसाचं बरंच काही ऐकू येतं. तिनं खिडकीशी खुर्ची मांडून ठेवली.

बोळात पावलं वाजली. राजाचे बूट. काकूंची काठी, आडवीतिडवी, अजून हात न बसलेली. आणि त्यांच्यामागून भिंतीवर नखं घासत येणारा एक बारीक आवाज, सगळा बोळभर. उंबऱ्याशी एक छोटं पाऊल थांबलं, चाचपडलं आणि मग आत आलं. हा आवाज थोरलीच्या रोजच्या ओळखीचा होता. इथे येणारी निम्मी मुलं अशीच येतात. पण आज तिचे कान काठीकडे लागले होते. बोळात अंधार आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

काकू बसल्या. हात किती खरखरीत झालेत ग तुझे, असं त्यांनी तिचा हात धरून म्हटलं. थोरलीनं हात सोडवून घेतला आणि त्यांच्या मांडीवर पुस्तक ठेवलं. काकूंनी ते कुरवाळलं. उघडलं. उजवीकडे धरलं, डावीकडे धरलं, खिडकीकडे वळून कपाळाशी नेलं. पानं फडफडली आणि थांबली.

"जमीन पिवळी आहे का ग?" त्यांनी विचारलं. "काहीतरी पिवळं असल्यासारखं वाटतं. का नुसतं वाटतंच."

थोरली त्यांच्यासमोर उभी होती. इतकी वर्षं घोळवलेलं वाक्य तिनं एकेक शब्द सुटा करून म्हटलं.

"काकू, हे पुस्तक थंडी पडायला लागली तेव्हापासून तयार होतं. मी वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं. तुमच्या डोळ्यांना ताण नको म्हणून."

राजा म्हणाला, म्हणजे काय? कात्रीबाई कापायची थांबली. कोपऱ्यातल्या भावांचं ठिपके उठवणंही थांबलं. फार गोड होतं ते. थोरलीला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी चव गेली असेल. तर नाही, जशीच्या तशी होती. काकूंचा श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मग काकू म्हणाल्या, मला वाटलंच होतं. राजाला बोलले नाही. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं त्यांनी पाठ ताठ केली.

"मी मूल होईल ह्या आशेनं ठेवली होती," त्या म्हणाल्या. "तू कशासाठी ठेवलंस?"

"तुम्ही ठेवलीत म्हणून."

काकूंना ते पटलं असावं. त्यांनी मान हलवली असेल किंवा नसेल. मांडीवरचं पुस्तक तेवढं घसरलं आणि पालथं जमिनीवर पडलं. मोठ्यांच्या बोलण्याला कंटाळलेली ठमी खाली बसून त्याच्याशी खेळायला लागली. पान उलटल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. मग ठमीचा आवाज आला, तो थेट कागदावर आदळून, दबका होऊन.

"याला डोळा आहे."

राजा हसला, तिथला ताण मोडायला बरं निमित्त मिळालं म्हणून. म्हणाला, अग वेडे, कोल्ह्याला डोळा असणारच की, सगळ्यांना डोळे असतात.

"पुस्तकातल्यांना नसतात," ठमी म्हणाली.

थोरलीच्या तोंडातली गोडी तिथल्या तिथे गेली. ती गुडघ्यांवर बसली आणि हात पुढे केला. तिच्या हाताला ठमीचे केस लागले, आणि केसांखाली लगेच पान. मध्ये बोट शिरायला जागा नव्हती. ती म्हणाली, आता कुणी बोलायचं नाही. कुणीही नाही. राजा काहीतरी विचारायला गेला तर कात्रीबाईनं त्याला गप्प केलं. ठमी पान उलटत गेली, नाकानं कागद घासत. खार म्हणाली. उंदीर म्हणाली. गाईच्या गोंड्याला ब्रश म्हणाली आणि पुढच्या क्षणी हसून गाय म्हणाली. पाल आली तेव्हा तिनं ई केलं आणि पुन्हा पाहिली, आणि पुन्हा. पुस्तकांचं वावडं असलेली मुलगी पालीचं पान सोडायला तयार नव्हती.

थोरलीनं कात्रीबाईकडे हात केला आणि दुकानात मिळतं तसलं एक साधं चित्रांचं पुस्तक मागितलं. कात्रीबाई नमुन्यासाठी अशी पुस्तकं आणून ठेवायची; बारीक रेघांची, फिक्या रंगांची, डोळसांना फार नाजूक आणि सुंदर वाटणारी. ते थोरलीनं ठमीसमोर ठेवलं आणि विचारलं, यात काय आहे?

ठमीनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि पुस्तक ढकलून दिलं.

"हे रिकामं आहे," ती म्हणाली. "घरची पण सगळी रिकामीच आहेत."

राजा म्हणाला, ती गंमत करते. एकदा म्हणाला, मग पुन्हा म्हणाला, आणि दुसऱ्या वेळी त्याचं वाक्य मध्येच तुटलं. घरात दिवसभर पोरीबरोबर असणाऱ्या आजीला दिसत नव्हतं आणि ज्यांना दिसत होतं ते दिवसभर घरात नव्हते. काकूंनी काठी चाचपली, उठायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. त्या घराण्यात असं पोर ह्याआधी एकदा पाहिलेलं माणूस त्या खोलीत एकच होतं. त्यांनी ते तेव्हा नीट पाहिलं होतं, रोज पाहिलं होतं, आणि काच पुसली होती.

"कधीपासून तयार होतं म्हणालीस?" काकूंनी विचारलं.

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. थोरलीकडे टोमण्याला उत्तर होतं. मघाशी तिनं जे वाक्य एकेक शब्द चाखत म्हटलं होतं तेच आता तिला पुन्हा म्हणायचं होतं. तिचा हात अजून ठमीच्या केसांवर होता आणि हाताखालचं डोकं पानाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश सरकत होतं, एक इंचही सोडायचा नाही अशा बेतानं.

"थंडी पडायला लागली तेव्हापासून," ती शेवटी म्हणाली.

राजाला आता सगळं कळलं होतं. कचेरीतला आवाज गळून पडला आणि लहान मुलासारखं त्यानं विचारलं, "ताई, हिला अजून किती दिवस दिसेल?"

थोरलीला ते ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नसतं. जेवढे दिवस होते त्यातला एक अख्खा हिवाळा तिनं वरच्या फळीवर ठेवला होता, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि तेच ती म्हणाली.